हाताने फेकायचं ग्लायडर: एक दुपार कापायला, एक महिना उडवायला

आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या इमारतीतली मुलं मला विमानआजी म्हणतात. मी ३५ वर्षं विमानांच्या देखभालीचं काम केलं, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. २५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली, आणि तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी कुणाची तरी आई जिन्यात थांबवून विचारते, "काकू, याला पायलट व्हायचंय म्हणतो. कुठल्या क्लासला घालू?"

मी सांगते, क्लास राहू दे. रविवारी सकाळी साडेसहाला त्याला खाली पाठव, सोबत एक वही दे. आम्ही ग्लायडर करतो. मोटार नाही, रिमोट नाही, हाताने फेकायचं. ज्यांना रविवारी माझ्याकडे यायला जमत नाही, त्यांच्यासाठी सगळं इथे लिहिते आहे. कापण्याचं काम कुणालाही जमेल. खरं शिकायचं असतं ते नंतरचं, न उडणारं ग्लायडर उडतं करणं. त्यामुळे त्याच्यावर जास्त लिहीन.

माझं पहिलं विमान आंब्याच्या पेटीच्या फळीचं होतं. नौपाड्यातल्या चाळीच्या गॅलरीतून सोडलं आणि ते सरळ खालच्या नळावर जाऊन आपटलं. मी रडत वर आले. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यांनी तुटलेलं विमान उचललं, पेन्सिलीवर आडवं ठेवलं आणि एवढंच विचारलं, "वजन कुठंय ते बघितलंस का आधी?" लेथवर वेडावाकडा तुकडा बांधायचा तर आधी त्याचा तोल बघायचा, हे त्यांना रोजचं होतं. त्या दिवशी मला कळलं की विमान फेकण्याआधी तोलून घ्यायचं असतं. पुढे पोटापाण्याला मी तेच केलं.

सामान

बाल्सा या अगदी हलक्या लाकडाचे दोन पत्रे: एक ३ मिलिमीटर जाडीचा, एक दीड मिलिमीटरचा. हॉबीच्या दुकानात मिळतात, ऑनलाइनही मिळतात. साधारण तीन फूट लांब आणि तीन-चार इंच रुंद येतात, एकात दोन-तीन ग्लायडरं होतात. पत्रा घेताना हातात तोलून हलका घ्या. बाकी कटर, स्टीलची पट्टी, बारीक पॉलिश पेपर, फेविकॉल, टाचण्या, मुलांची खेळायची क्ले. बाल्सा मिळेपर्यंत खोक्यात येणारा पातळ थर्माकोल चालेल, पण त्याला फेविक्विक लावू नका. थर्माकोल विरघळतो आणि पंखाला भोक पडतं.

कापणं आणि तासणं

पंख ३० सेंटिमीटर लांब, ६ सेंटिमीटर रुंद, ३ मिलिमीटरच्या पत्र्यातून. लाकडाच्या रेषा पंखाच्या लांबीला समांतर हव्यात. आडव्या रेषांचा पंख पहिल्याच फेकीला मधून मोडतो. आडवी शेपटी १२ बाय ४ सेंटिमीटर, उभी शेपटी ५ सेंटिमीटर उंच आणि ४ रुंद, दोन्ही दीड मिलिमीटरच्या पत्र्यातून. उभ्या शेपटीत रेषा उभ्या. अंगासाठी ३० सेंटिमीटरची काठी, ८ बाय ५ मिलिमीटर, घट्ट बाल्साची किंवा सुताराकडच्या पाइनच्या पट्टीची. पाइनची घेतली तर शेपटीकडे निमुळती तासा, नाहीतर मागे वजन होतं आणि ते फेडायला पुढे दुप्पट क्ले लावावी लागते.

कटर एकदाच दाबून फिरवायचा नाही. हलक्या हाताने तीन-चार वेळा. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी मोठ्यांनी कापावं.

पंखाची खालची बाजू सपाट राहू द्या. वरची बाजू तासायची: पुढची कड गोल, सगळ्यात जाड भाग पुढून एक तृतीयांश अंतरावर, तिथून मागे उतरत जाऊन मागची कड जेमतेम एक मिलिमीटर. मुलं इथे कंटाळतात. त्यांना डोळे मिटून पंखावरून बोट फिरवायला सांगा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो. हँगरमध्ये, म्हणजे विमानाच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये, पॅनलवरचा पोचा आम्ही बॅटरीच्या उजेडात बघायचो, पण खात्री बोटाने करायचो.

आता पंख मधोमध कापा. हो, कापायचाच. दोन्ही अर्ध्या भागांच्या कापलेल्या कडा किंचित तिरक्या घासा, एक भाग टेबलावर सपाट ठेवा, दुसऱ्याचं टोक ५ सेंटिमीटर उंच टेकवा आणि मधे फेविकॉल. खाली प्लॅस्टिकचा कागद घाला. रात्रभर हात लावू नका. सकाळी पंख समोरून उथळ इंग्रजी व्हीसारखा दिसेल, दोन्ही टोकं अडीच-अडीच सेंटिमीटर वर.

या वाकाला डायहेड्रल म्हणतात. ग्लायडर चालवायला आत कुणी बसलेलं नसतं, म्हणून ते स्वतःच सावरलं पाहिजे. एक पंख खाली गेला की ग्लायडर त्या बाजूला घसरायला लागतं. घसरताना खालच्या पंखावर हवा जास्त कोनातून येते, त्याला जास्त उचल मिळते आणि तो परत वर येतो. सपाट पंखाला ही जाण नसते. पटत नसेल तर एक सपाट पंखाचं करून बघा, एक दुपार जाईल पण मुलाला आयुष्यभर लक्षात राहील.

जोडताना पंखाची पुढची कड नाकापासून ७ सेंटिमीटरवर. आडवी शेपटी अगदी मागे, काठीच्या वर, पंखाला समांतर. तिच्यावर मधोमध उभी शेपटी. फेविकॉल ओला असतानाच दोरा घ्या आणि पंखाच्या डाव्या टोकापासून काठीच्या मागच्या टोकापर्यंत अंतर मोजा, मग उजव्या टोकापासून. दोन्ही सारखी नसतील तर पंख वाकडा बसला आहे. आत्ता सरकवा, नंतर सुटत नाही.

तोल

पंखाच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून २ सेंटिमीटर मागे, दोन्हीकडे पेनाने एकेक ठिपका करा. दोन बोटांच्या टोकांवर त्या ठिपक्यांशी ग्लायडर टेकवा. शेपटी खाली जाईलच. नाकाला क्ले लावत जा, ग्लायडर आडवं स्थिर राहीपर्यंत. साधारण लहान बोराएवढी लागते.

६ सेंटिमीटर रुंदीत २ सेंटिमीटर म्हणजे ३३ टक्के. प्रवासी विमानाचा तोलही असाच, पंखाच्या सरासरी रुंदीच्या टक्क्यांत सांगतात. किती माणसं पुढे बसली, किती मागे, सामान कुठल्या कप्प्यात, इंधन किती, हे सगळं मांडून प्रत्येक उड्डाणाआधी तो आकडा काढतात. कधी कधी रिकाम्या विमानात तुम्हाला अमुक रांगेतच बसा म्हणतात ते यासाठी. मुलांना हे सांगितलं की ती बोटांवरच्या ग्लायडरकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

१८०४ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज केली या माणसाने पहिलं नीट म्हणावं असं ग्लायडर केलं, तेव्हा त्याने काठीवर पंख म्हणून चक्क पतंग बसवला होता. मागे हलवता येणारी शेपटी आणि पुढे सरकवता येणारं वजन. संक्रांतीला पतंगाची कण्णी बांधताना वरची गाठ जरा इकडे, जरा तिकडे करणारा आपला मुलगा त्याच रस्त्यावर असतो. त्याला 'अभ्यासाला बस' म्हणण्याआधी एवढं ध्यानात घ्या.

फेकणं

वारा पडलेला असताना. गवतावर. खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली, काठी तोलाच्या जागी चिमटीत धरून पुढे सोडायची. चेंडू फेकतात तशी नाही. मुलांचा हात सवयीने वर जातो आणि ग्लायडर आकाशाकडे निघतं. मी त्यांना सांगते, दहा पावलांवर उभ्या मित्राच्या पोटाकडे बघ आणि त्याच्याकडे सरकवून दे.

बरं जमलेलं ग्लायडर एवढ्या उंचीवरून सात-आठ मीटर, म्हणजे दहा-बारा पावलं जातं आणि पोटावर उतरतं. पहिल्या दिवशी तसं होणार नाही. तिथूनच सुरुवात आहे.

ते काय करतं ते नुसतं बघा. नाक वर करून थांबल्यासारखं झालं, मग नाक टाकलं, परत उचललं, लाटांवरून गेल्यासारखं? पंख हवेला फार उभा झाला, वरच्या बाजूची हवा पंखाला सोडून गेली, उचल गेली. याला स्टॉल म्हणतात. नाकाला क्ले वाढवा, मसुराएवढी, जास्त नाही. उलट नाक खाली करून सरळ जमिनीकडे जात असेल तर तेवढीच क्ले काढा, किंवा आडव्या शेपटीची मागची कड एक मिलिमीटर वर वळवा. बाल्सा वळवायला तोंडाची वाफ पुरते: आरशावर फुंकतो तशी सावकाश वाफ सोडायची, बोटांनी वळवून दहापर्यंत मोजायचं.

एका बाजूला वळत असेल तर उभ्या शेपटीला हात लावायची घाई करू नका. आधी ग्लायडर डोळ्यांसमोर धरून मागून बघा. बहुतेक वेळा एका पंखाची मागची कड पिळलेली असते, तीच वाफेवर सरळ करा. पंख निर्दोष असूनही वळत असेल तरच उभ्या शेपटीची मागची कड उलट बाजूला अर्धा मिलिमीटर. आणि जोरात फेकल्यावर बिघडतं पण हळू फेकल्यावर छान जातं असं झालं, तर पंख काठीवर सैल बसला आहे का ते हलवून बघा. हे मुलांच्या लक्षात येत नाही, ती क्लेच्या मागे लागतात.

एका वेळी एकच बदल. मग तीन फेकी. मग वहीत. माझ्याकडच्या मुलांनी हा नियम मोडला तर मी ग्लायडर काढून घेते, इतकी मी याबाबत कडक आहे. क्ले वाढवली, शेपटीही वळवली आणि ग्लायडर सुधारलं, तर कशामुळे सुधारलं? ते आता कधीच कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंदाजाने चालणार.

वही

तारीख, वेळ, वारा, काय बदललं, तीन फेकींची पावलं, ग्लायडरने काय केलं. एवढे रकाने. एका मुलीच्या वहीतली नोंद अशी आहे: "६:५०. वारा नाही. नाकाला मसूर १. पावलं ७, ९, ९. आता एकच लाट." ती पाचवीत आहे. 'आता एकच लाट' वाचून मला फार बरं वाटलं. तिने बघितलं, मोजलं आणि आपल्या शब्दांत लिहिलं.

१९८७ साली मी कामाला लागले तेव्हा पहिले सहा महिने मला हत्याराला हात लावू दिला नाही. "पोरी, तू कागद सांभाळ," असं एका वरिष्ठांनी सांगितलं. माझ्या बरोबरीची मुलं एअरबस ए-३००ची चाकं उतरवत होती आणि मी नोंदी लावत होते. रात्री घरी येताना लोकलमध्ये डोळे भरून यायचे. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८५ला, कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फोकर फ्रेंडशिप विमान संपूर्ण महिला कर्मचाऱ्यांसह उडवलं होतं. त्या बातमीचं कात्रण मी डब्याच्या पिशवीत ठेवत असे. पण त्या सहा महिन्यांत मी हजारो नोंदी वाचल्या. कुठला भाग कुठल्या विमानावर किती दिवसांनी परत परत बिघडतो ते मला पाठ झालं, आणि पुढे परवान्याच्या परीक्षांना आणि हँगरमध्येही तेच उपयोगी पडलं. मला डावललं गेलं ते चूकच होतं. कागदांनी शिकवलं तेही खरं.

या धंद्यात जे लिहिलं नाही ते केलेलंच नाही, असं धरतात. काम संपलं की हत्यारं मोजायची. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली असते, रिकामी आकृती लांबून दिसते. एका पहाटे माझ्या फळीवर एक सॉकेट, म्हणजे नट फिरवायच्या पान्याचं टोक, कमी निघाला. विमान सकाळी जायचं होतं. मी स्वतः सांगितलं आणि विमान थांबलं. सव्वादोन तासांनी सॉकेट पंखाखालच्या एका पॅनलच्या आतल्या कडेवर मिळाला, तो मीच ठेवलेला होता. उशिराचा ठपका बसला. त्या सव्वादोन तासांत मला एकच गोष्ट समोर दिसत होती, तो सॉकेट कुठल्या तरी केबलच्या पुलीत अडकलेला. रविवारी निघताना मी मुलांना कटर आणि टाचण्या मोजायला लावते ते त्यामुळे. मैदानावर अनवाणी मुलंही खेळतात.

जागा आणि वेळ

ठाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ सगळ्यात चांगली, उजाडल्यापासून आठपर्यंत. मग जमीन तापते आणि गरम हवेचे झोत उठायला लागतात. हे दिसत नाहीत, पण घारी दाखवतात: पंख न हलवता त्या गोल गोल वर चढायला लागल्या की तिथे झोत आहे असं समजा. शिकाऊ ग्लायडरची तेव्हा घरी जायची वेळ. दुपारनंतर समुद्राकडून, पश्चिमेकडून वारा येतो, तो तर नकोच.

सेंट्रल मैदान पहाटे मोकळं असतं, शाळांची मैदानं विचारून मिळतात. उपवन तलावाच्या काठावर फेकू नका, आमची दोन ग्लायडरं पाण्यात आहेत. येऊरच्या जंगलात तर अजिबात नाही, ते राष्ट्रीय उद्यान आहे. विजेच्या तारा असतील ती जागा सोडा, तारेवर अडकलेलं ग्लायडर विसरून जायचं.

सरळ जायला लागलं की पुढचा महिना वळणाचा. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उभ्या शेपटीची मागची कड केसभर डावीकडे वळवायची. मग ग्लायडर उजवीकडे कलतं धरून वर जोरात फेकायचं. ते उजवीकडून चढतं, वर पोचल्यावर डावीकडे वळतं आणि मोठ्या वर्तुळात खाली येतं, कधी कधी तुमच्याच पायाशी. पावलांऐवजी आता सेकंद मोजा.

ज्याला पुढे जायचं आहे

एवढं करूनही ज्याचं वेड उतरलं नाही, त्याच्या आईबाबांना मी दोन गोष्टी सांगते. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित ठेवा. आणि पायलटच व्हायचं असेल तर फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या, आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या. डीजीसीएने, म्हणजे नागरी उड्डाण महासंचालनालयाने, नेमलेल्या डॉक्टरांकडेच ती होते. शिकाऊ परवाना १६व्या वर्षी मिळतो, व्यावसायिक परवान्याला १८ पूर्ण लागतात आणि किमान २०० तासांचं उड्डाण, त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. लेखी परीक्षेत प्रत्येक विषयाला ७० टक्के. आपल्याकडे गोंदिया, बारामती, शिरपूरला शिकवतात. खर्च बहुतेक घरांना कर्जाशिवाय झेपत नाही, म्हणून तपासणी आधी.

आमच्याच इमारतीतल्या एका मुलाला दहावीत असताना मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा त्याला वाचता आला नाही, लाल-हिरवा त्याला वेगळा दिसत नाही. तो दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी मी वर जाऊन त्याच्या दारात बसले आणि आम्ही बराच वेळ बोललो. विमान बनवणारे लागतात, त्याचा आराखडा काढणारे लागतात, हवामान सांगणारे लागतात हे सगळं मी बोलले, पण त्याला त्या दिवशी त्यातलं काही नको होतं, आणि मी ते समजू शकत होते. तो म्हणाला, "आजी, माझं ग्लायडर डावीकडे का जातं ते अजून सापडलं नाहीये." मग आम्ही ते घेऊन खाली गेलो. उजव्या पंखाची मागची कड पिळलेली होती, पावसाळी हवेने.

पावसाळ्यात बाल्सा ओल धरतो. ग्लायडर सपाट ठेवा, पंखाखाली जाड पुस्तकांचे आधार द्या, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाका. गणपती गेले की बाहेर काढा, पंख मागून डोळ्यांसमोर धरून बघा, तोल पुन्हा तपासा आणि वहीत नवं पान सुरू करा.